'घातपात' कधी लिहावं आणि कधी लिहू नये

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. एका कारखान्यातल्या आगीचा विमा सर्वेक्षण अहवाल तुमच्याकडे मराठीत करायला आला आहे. त्यात 'सॅबोटाज' (काम किंवा वस्तू मुद्दाम बिघडवणं) हा इंग्रजी शब्द तीनदा येतो. एकदा विजेच्या पॅनलला लागलेल्या आगीबद्दल, एकदा त्याआधी महिनाभर कामगारांनी मुद्दाम खराब माल काढला त्याबद्दल, आणि एकदा चौकशीत कागद दडवून ठेवणाऱ्या एका अधिकाऱ्याबद्दल. तुम्ही तिन्ही ठिकाणी 'घातपात' लिहिलं. भाषांतर तपासणाऱ्यांनी ते खोडून 'तोडफोड' केलं. तुमच्या तिसऱ्या सहकाऱ्याला 'विध्वंस' हवा आहे. बरोबर काय?

मी नऊ वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काढली आणि त्यानंतरची एकोणीस वर्षं न्यायालयाच्या व विम्याच्या कागदांचं भाषांतर करतो आहे. या एका शब्दाशी माझी रोजची गाठ आहे आणि त्याच्याबद्दल मी फार काटेकोर आहे. का, ते पुढे येईल. तूर्त एवढंच सांगतो की तुमच्या तीन जागांना तीन वेगळे मराठी शब्द लागतील आणि त्यातल्या फक्त पहिल्या जागी 'घातपात' चालेल. तिथेही एक अट आहे.

'घात' हा संस्कृत 'हन्' या धातूपासून आला. हन् म्हणजे मारणे. आघात, विघातक, आत्मघात, विश्वासघात हे सगळे त्याच घराण्यातले. 'पात' आला 'पत्' म्हणजे पडणे यावरून. मारणं आणि पाडणं असे दोन शब्द जोडून 'घातपात' झाला. पण मराठी माणूस धातू आठवून बोलत नाही. त्याच्या कानाला 'घात' म्हटलं की दगा ऐकू येतो. 'त्याने माझा घात केला' असं आपण उघड्या शत्रूबद्दल म्हणत नाही. ज्याच्यावर भरवसा होता, जो घरात येत-जात होता, त्याच्याबद्दल म्हणतो. पंचांगात राशीपुढे घातवार आणि घातचंद्र लिहिलेले असतात, तिथेही न दिसणारा धोका हाच भाव आहे. (मराठवाड्यात शेतकरी 'जमिनीला घात आली' म्हणतो, ती घात वेगळी. ती स्त्रीलिंगी आहे, आणि तिचा अर्थ वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल. भाषांतर करताना एका तरुण मुलाने 'घातीवर पेरणी' या शब्दांत गुन्हा शोधला होता, म्हणून सांगून ठेवलं.)

तर 'घातपात' शब्दात तीन गोष्टी एकदम बसलेल्या असतात: करणाऱ्याचा हेतू, लपून करणं, आणि जिवाला धोका पोचेल अशी मजल. यातली एक जरी नसली तरी शब्द खोटा पडतो. दिवसाढवळ्या जमावाने बस फोडली तर तो घातपात नव्हे, कारण लपवलेलं काही नाही. रानडुकरांनी रात्रीत मक्याचं शेत आडवं केलं तर तो घातपात नव्हे, कारण हेतू नाही. ती नासधूस. पंक्चरवाल्याने आपल्या दुकानाजवळच्या रस्त्यावर चार खिळे टाकले तर हेतूही आहे आणि लपवाछपवीही, पण त्याला घातपात म्हणताना जीभ अडखळते. तेच खिळे घाटाच्या उतारावर टाकले तर अडखळत नाही.

या शब्दाचे आज दोन वापर चालू आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पोलीस ठाण्यात आणि स्थानिक बातमीत 'घातपात' म्हणजे माणसाला दगा करून मारणं. नदीकाठी मृतदेह सापडतो, नातेवाईक म्हणतात 'घातपाताचा संशय आहे'. इथे कुठली मालमत्ता नष्ट झालेली नाही. दुसरा वापर रेल्वे, वीजकेंद्र, कारखाना, पूल यांच्या बाबतीतला, आणि 'घातपाती कारवाया' हा शब्दप्रयोग त्याच अंगाने रुळला. इंग्रजी 'सॅबोटाज' या दुसऱ्या वापराशी जुळतो, पहिल्याशी नाही. म्हणून तुमच्या अहवालात नुसतं 'घातपात' लिहिलं तर वाचणारा आधी विचारील, कोण गेलं? तुमच्या आगीत कोणी गेलं नाही. म्हणून तिथे 'यंत्रणेत घातपात' किंवा 'पॅनलमध्ये घातपात घडवल्याचा संशय' असा आधार द्यायला हवा.

आता मला ज्या गोष्टीवर जास्त वेळ घालवायचा आहे ती. मराठीत हेतू कळायला वेगळ्या शब्दाची गरज बहुधा पडतच नाही, तो क्रियापदात असतो. काच फुटली, काच फोडली. दोरी तुटली, दोरी तोडली. गंजी जळली, गंजी जाळली. भिंत पडली, भिंत पाडली. होडी बुडाली, होडी बुडवली. एखाद-दुसरा वर्ण बदलला की करणारा समोर उभा राहतो. शिवाय आपल्याकडे मधली एक जागा आहे, ती मला फार मोलाची वाटते: 'माझ्या हातून कप फुटला.' हात माझा, पण मन माझं नव्हतं, हे इतक्या थोडक्यात सांगता येतं. घरातलं लहान मूल 'मी फोडला नाही, माझ्या हातून फुटला' असं रडत सांगतं तेव्हा ते अपघात आणि हेतू यांतला कायद्यातला फरकच सांगत असतं.

हाच फरक जोडशब्दांतही उतरला आहे, आणि तुमच्या तपासणाऱ्यांनी तो पाहायला हवा होता. पडझड हा शब्द पडणे-झडणे यांवरून आला, दोन्ही आपोआप होणाऱ्या क्रिया. म्हणून पावसाने घरांची पडझड होते आणि पंचनाम्यात कोणावर बोट नसतं. तोडफोड हा तोडणे-फोडणे यांवरून आला, दोन्ही कोणीतरी करण्याच्या क्रिया. जाळपोळही तशीच. मालमत्तेच्या पंचनाम्यात 'पडझड' च्या जागी 'तोडफोड' लिहिलं की आरोपी नसलेल्या प्रकरणात आरोपी तयार होतो. राजकारणाच्या बातम्यांत रोज हेच चालतं. 'पक्षात फाटाफूट झाली' म्हणजे आतून फाटला. 'फोडाफोडी झाली' म्हणजे बाहेरून कोणी फोडला. डेस्कवरचा माणूस यातला कुठला शब्द उचलतो त्यावर त्या बातमीची बाजू ठरते, आणि वाचकाला ते कळतही नाही.

म्हणून आग लागली की लावली, बोल्ट निसटला की काढला, नळी फुटली की कापली, हे आधी ठरवा. ते ठरलं नसेल तर अकर्मक क्रियापद लिहा आणि थांबा. पुढचं नाव तपास करणारा देईल.

'तोडफोड' तुमच्या अहवालात कुठून आली, ते मला ठाऊक आहे. हिंदीतून. केंद्र सरकारच्या हिंदी कागदांत सॅबोटाजला 'तोड़फोड़' असाच प्रतिशब्द आहे, गुजरातीतही 'भांगफोड' म्हणतात. बँका, विमा कंपन्या, रेल्वे यांचे बरेच मराठी मसुदे हिंदीवरून उतरवले जातात आणि हा शब्द तसाच मराठीत शिरतो. हिंदीत तो बरोबर आहे. मराठी वाचकाच्या डोळ्यापुढे मात्र 'तोडफोड' म्हटलं की दगड, काठ्या, फुटलेल्या काचा आणि आरडाओरडा येतो. पॅनलमधली एक वायर कोणी शांतपणे सैल करून ठेवली असेल तर तिथे काही तुटलेलं नाही आणि फुटलेलं नाही. शब्द आणि घटना यांची गाठच पडत नाही.

'विध्वंस' ची अडचण वेगळी. तो शब्द परिणामाबद्दल बोलतो, पद्धतीबद्दल नाही. भूकंपाने विध्वंस होतो, पुराने होतो, सैन्यानेही होतो. तो मोठा शब्द आहे. एक जळालेलं पॅनल आणि धुराने काळवंडलेली शेड याला तो पेलवत नाही. असे परिणाम सांगणारे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत: धूळधाण, वाताहत, उद्ध्वस्त, बेचिराख. यातला 'बेचिराख' मला आवडतो. फारसीतला बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही. जुन्या महसुली दप्तरात 'बेचिराख गाव' म्हणजे कागदावर नाव आहे पण वस्ती उठून गेली आहे असं गाव. ते कोणी जाळलेलंच असेल असं नाही. दुष्काळानेही उठलं असेल, पटकीनेही. आज आपण बाँब पडलेल्या शहराला बेचिराख म्हणतो तेव्हा दिव्याची आठवण पुसली गेलेली असते.

जाणूनबुजून केलेल्या, उघड, सगळ्यांना दिसावं म्हणूनच केलेल्या नाशासाठी मराठीत एक शब्दप्रयोग आहे, तो म्हणजे 'गाढवाचा नांगर फिरवणे'. १६३०च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणं जाळलं, तट पाडले आणि गावठाणावर गाढवाचा नांगर फिरवला, जमिनीत पहार ठोकली, असं परंपरेने सांगितलं जातं. पुढे जिजाबाई आणि बालशिवाजी तिथे आल्यावर सोन्याच्या फाळाचा नांगर चालवला गेला, तो या पहिल्या नांगराला दिलेला जबाब होता. इथे घर पाडून भागलं नाही, पुन्हा वस्ती होऊ नये असा शाप जमिनीत पेरायचा होता. हा घातपाताच्या अगदी उलट टोकाचा नाश आहे. घातपात करणारा तोंड लपवतो, नांगर फिरवणारा दवंडी पिटतो. तुमचा शब्द निवडताना ही दोन टोकं मनात ठेवा, फार उपयोग होतो.

आता मी काटेकोर का आहे ते सांगतो. डेस्कवरच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी एक बातमी आली. तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा स्वतःच्या विहिरीत बुडून मृत्यू. वार्ताहराने साधी आठ ओळींची बातमी पाठवली होती, त्यात शेवटी एवढंच होतं की मयताचा भावाशी बांधावरून वाद होता. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पान सोडायचं होतं, आणि मी मथळा दिला: 'अपघात की घातपात?' यमक जुळतं, दोन ओळींच्या जागेत नेमकं बसतं, आणि वर्षानुवर्षं सगळेच देतात. आठवड्याने तो भाऊ कार्यालयात आला. बातमीचं कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. तोवर पोलिसांचं अकस्मात मृत्यूचं काम संपत आलं होतं. फूटव्हॉल्व्ह बघायला उतरताना शेवाळावरून पाय घसरलेला दगडावर स्पष्ट दिसत होता, आणि मोटर दुरुस्त करणारा मुलगा तिथेच वर उभा होता. भाऊ भांडला नाही. म्हणाला, "साहेब, हे छापून आलं त्या दिवसापासून गिरणीवर माझ्याशी कुणी बोलत नाही. दळण घेऊन गेलं की लोक पाठ करतात." आम्ही दुसऱ्या दिवशी खुलासा छापला, आतल्या पानावर. तो गिरणीवर कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर मी हा मथळा पुन्हा कधीही दिला नाही, आणि हाताखालच्या मुलांनाही देऊ दिला नाही. मथळ्याला प्रश्नचिन्ह लावलं म्हणून आरोप प्रश्न होत नाही. अपघाती मृत्यूची नोंद झाली असेल तर 'अकस्मात मृत्यूची नोंद' लिहा, नातेवाइकांनी तक्रार दिली असेल तर 'नातेवाइकांचा घातपाताचा आरोप' लिहा, गुन्हा दाखल असेल तर गुन्हा लिहा. 'घातपाताची शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य मात्र कोणाच्या तोंडचं आहे ते सांगितल्याशिवाय छापू नका. शक्यता तर पावसाचीही नाकारता येत नाही.

यमक बाजूला ठेवलं तरी प्रश्न खरा असतो, हेही मान्य करतो. मुंबईने तो फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा स्फोट. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. आजही १४ एप्रिलपासून जो अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. महायुद्ध चालू होतं, जपान ब्रह्मदेशातून सरहद्दीवर आला होता, आणि पहिला संशय साहजिकच शत्रूवर गेला. चौकशी आयोगाने सगळं तपासून घातपात मानला नाही. कापसाला आधी आग लागली होती, बहुधा कोणाच्या तरी विडी-सिगारेटीच्या हलगर्जीपणातून, आणि कापसाजवळ स्फोटकं ठेवणं, आग कळूनही वेळेत निर्णय न होणं, यांनी पुढचा अनर्थ केला. कायद्याच्या मराठीत याला 'हयगय' म्हणतात. हा शब्द दिसायला साधा आहे, आणि तो अपघात व घातपात यांच्या मधोमध उभा आहे. तुमच्या अहवालातही त्याची जागा असू शकते, ती तपासून पाहा.

त्याच दिवशी, १४ एप्रिल १९४४ लाच, खानदेशात चिमठाण्याजवळ प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारच्या, कार्यकर्त्यांनी सरकारी खजिना अडवून नेला. त्याच्या आदल्या वर्षी साताऱ्याकडे शेणोलीला पगाराची गाडी लुटली गेली होती. आणि त्याही आधी, १९४२ च्या शेवटच्या महिन्यांत, माथेरानच्या भाई कोतवालांच्या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. इंग्रज सरकारच्या कागदांत हे सगळं 'सॅबोटाज' आहे. ते कागद मराठीत आणताना काय लिहायचं, हा माझ्यापुढे अनेकदा आलेला प्रश्न आहे. हेतू होता, रात्री लपून केलेलं होतं. पण 'घात' शब्दातला दगा तिथे नाही. ज्यांच्याविरुद्ध केलं त्यांच्याशी लढा आधीच जाहीर झालेला होता. म्हणून सरकारी कागदाचं अवतरण देत असेन तर मी 'घातपाती कृत्ये' असंच लिहितो, कारण सरकारचं म्हणणं तेच होतं आणि ते मऊ करण्याचा अधिकार मला नाही. माझ्या स्वतःच्या वाक्यात 'विजेचे मनोरे पाडले', 'तारा तोडल्या', 'खजिना लुटला' एवढं लिहितो. सकर्मक क्रियापद आहे, करणारा लपलेला नाही, आणि वाचक स्वतः ठरवू शकतो. हा वाद त्या काळीही होता. तारा तोडणं अहिंसेत बसतं का, यावर काँग्रेसमध्येच दोन मतं होती आणि गांधीजींना ना मालमत्तेचा नाश मान्य होता ना भूमिगत राहणं.

उलट जिथे 'घातपात' हाच शब्द हवा अशीही उदाहरणं आहेत. मे २०१० मध्ये हावड्याहून कुर्ल्याला येणारी ज्ञानेश्वरी एक्स्प्रेस पश्चिम बंगालमध्ये मध्यरात्रीनंतर रुळावरून घसरली आणि तिचे डबे समोरून येणाऱ्या मालगाडीखाली सापडले. दीडशेच्या जवळपास माणसं गेली. रूळ स्लीपरला धरून ठेवणारे पँड्रोल क्लिप काढलेले आढळले. ज्याने गँगमनला काम करताना पाहिलं आहे त्याला कळेल की हा स्प्रिंगसारखा वाकवलेला पोलादी तुकडा हातोडीने ठोकून बसवावा लागतो आणि ठोकूनच काढावा लागतो. एखादा निसटू शकतो, ओळीने निसटत नाहीत. इथे हेतू आहे, अंधार आहे, आणि जिवावरचं संकट आहे. या जागी 'तोडफोड' लिहिणं हा मृतांवर अन्याय होईल.

कायद्याबद्दल थोडं, कारण तुमचा अहवाल शेवटी वकिलाच्या टेबलावर जाणार. भारतीय दंड संहितेत सॅबोटाज नावाचा वेगळा गुन्हा नव्हता, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. जो आहे त्याचं इंग्रजी नाव 'मिस्चीफ', आणि कायद्याच्या मराठीत त्याला 'आगळीक' म्हणतात. बोलण्यात आगळीक म्हणजे मर्यादा ओलांडून आधी कुरापत काढणं, म्हणून नवा भाषांतरकार इथे हमखास गोंधळतो. जुनं कलम ४२५, नवं ३२४. नुकसान व्हावं अशा हेतूने, किंवा ते होण्याचा संभव आहे हे माहीत असून, मालमत्ता नष्ट करणं किंवा तिची किंमत व उपयोग कमी होईल असा फेरफार करणं, असा त्याचा आशय आहे. १८६० च्या कायद्यात दिलेली उदाहरणं फार सुंदर आहेत. एकाने दुसऱ्याच्या बर्फघरात पाणी सोडलं आणि बर्फ वितळवला. एकाने दुसऱ्याची अंगठी नदीत फेकली. त्या काळी मुंबईला बर्फ अमेरिकेहून जहाजाने यायचा, तेव्हा ते नुकसान केवढं असेल बघा. यात काही फुटलं नाही, तुटलं नाही, जळलं नाही. तरी ती आगळीक आहे, कारण कायदा नुकसानीबरोबर मन पाहतो. रेल्वेसाठी १९८९ च्या रेल्वे अधिनियमात कलम १५० आहे, सार्वजनिक मालमत्तेसाठी १९८४ चा अधिनियम आहे. पोलिसांच्या कागदात कलम दिलेलं असेल तर त्या कलमाचाच शब्द वापरा. 'घातपात' हा तिथे तुमच्या पदरचा शब्द ठरेल आणि बचावाचा वकील त्यावर बोट ठेवील.

आता तुमची दुसरी जागा, मुद्दाम खराब काढलेला माल. इथे सॅबोटाजचा मूळ अर्थ कामाला येतो. फ्रेंच 'साबो' म्हणजे लाकडी जोडा. त्यावरून 'साबोते' म्हणजे खडखड करत चालणं, आणि मग ढिसाळ, खडबडीत काम करणं. कामगारांनी यंत्रात जोडे फेकले म्हणून हा शब्द झाला ही गोष्ट सगळीकडे सांगतात, तिला आधार मिळत नाही. आधार मिळतो तो १८९७ च्या तुलूझच्या कामगार अधिवेशनाचा. तिथे एमिल पूजे या चळवळ्याच्या पुढाकाराने सॅबोटाज हे संपासारखंच हत्यार म्हणून मांडलं गेलं. स्कॉटलंडच्या गोदी कामगारांकडून घेतलेली कल्पना होती: पगार वाईट तर काम वाईट. १९१० च्या फ्रेंच रेल्वे संपानंतर शब्द इंग्रजीत पसरला, आणि पूल उडवणे, आगी लावणे हा अर्थ महायुद्धांनी त्याच्यावर चढवला. आपला 'घातपात' या वरच्या थराशी जुळतो. खालच्या थराला तो लावला तर गिरणीत हळू काम करणाऱ्या माणसाला तुम्ही बाँब ठेवणाऱ्याच्या रांगेत बसवता. मराठीत त्याला कामचुकारपणा म्हणतात, अंग चोरणं म्हणतात, पाट्या टाकणं म्हणतात. पण या तिघांत आळस आहे, हेतू नाही, म्हणून तेही पुरत नाहीत. इथे कारखान्याचीच भाषा घ्या. स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांत, गैरवर्तनाच्या यादीत 'चालू कामाचे किंवा आस्थापनेच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान' अशा अर्थाची बाब असते, आणि संथगतीने काम करणं ही वेगळी बाब असते. तुमच्या अहवालात माल मुद्दाम खराब काढल्याचं म्हटलं आहे, म्हणजे पहिली. 'जाणूनबुजून सदोष उत्पादन' लिहा. कामगाराला बाजू मांडायला जागा राहते आणि मालकाचं म्हणणंही पूर्ण येतं.

तिसरी जागा, चौकशीत कागद दडवणारा अधिकारी. इंग्रजीत हल्ली कोणी कोणाची बैठकही सॅबोटाज करतो. आपल्याकडे यासाठी इतकी श्रीमंती आहे की 'घातपात' लिहावासा वाटला याचंच मला वाईट वाटलं. खोडा घालणे: पूर्वी कैद्याचे पाय लाकडी खोड्यात अडकवत, त्यावरून चालत्या कामाचे पाय अडकवणं. पाचर मारणे: दोघांच्या मध्ये हळूच शिरून फट पाडणं. बिब्बा घालणे: जमत आलेल्या गोष्टीत, बहुतेक वेळा लग्नात, नेमक्या वेळी नकार पेरणं. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की उततं, हे ज्याला माहीत आहे त्याला हा शब्दप्रयोग सोसवत नाही. मोडता घालणे: वडीलधाऱ्याने किंवा अधिकाऱ्याने आपला हक्क वापरून अडवणं. सुरुंग लावणे: आतून, मोठ्या गोष्टीचा पाया उडवणं. हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. सासू मोडता घालते, शेजारीण बिब्बा घालते, विरोधक सुरुंग लावतो. 'माशी शिंकली' यात कोणाचाच दोष नसतो, तो इथे चुकूनही वापरू नका. आणि स्वतःच स्वतःचं काम बिघडवणाऱ्यासाठी 'आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे' आहे. त्याला 'आत्मघात' म्हणू नका, त्या शब्दाला दुसरा, फार जड अर्थ आहे.

अहवालाच्या औपचारिक भाषेत 'खोडा घातला' बसतं, वकिलांनाही खटकत नाही. अधिकच कोरडं हवं असेल तर 'चौकशीत हेतुपुरस्सर अडथळा आणला'.

राहिली पहिली जागा आणि तिची अट. मूळ इंग्रजीत सर्वेक्षकाने संशय म्हटलं आहे की निष्कर्ष, ते पुन्हा वाचा. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात तो म्हणतो की पॅनलचं झाकण उघडं होतं, न्यूट्रलचा नट सुटा मिळाला आणि त्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. ओरखडे त्याने पाहिले. पाना कोणी चालवला ते त्याने पाहिलेलं नाही. त्याच्या वाक्यात जेवढं आहे तेवढंच मराठीत यावं. तुमची तीन वाक्यं मी अशी लिहीन:

"पॅनलमधील न्यूट्रलचा नट सुटा आढळला व त्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते, त्यामुळे आग घातपाताने लागली असावी असा संशय सर्वेक्षकाने नोंदवला आहे."

"आगीपूर्वीच्या महिन्यात कामगारांनी जाणूनबुजून सदोष उत्पादन केले, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे."

"संबंधित अधिकाऱ्याने कागदपत्रे रोखून ठेवून चौकशीत खोडा घातला."

पहिल्या वाक्यात 'लागली असावी' ठेवलं आहे, 'लावली' नाही. तपासणाऱ्यांनी ते 'लावली' केलं तर परत 'लागली' करा, आणि का केलं ते समासात लिहून ठेवा.